सात पायऱ्या आणि एक खुर्ची

गेल्या खेपेस गावी गेलो, तर आईने हट्टच धरला, "'सौभद्र' लागलंय, मला ने." आई चाकांच्या खुर्चीत, वय ८१. १८८२ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक तिने चार वेळा तरी पाहिले असेल. पण आईपुढे कोण बोलणार!

नाट्यगृहाच्या दारी सात पायऱ्या. बाजूला उतार होता, नाही असे नाही. पण आठ फुटांची ती घसरगुंडीच. वाचकहो, मी हिशेब मांडला. पायरी ६ इंचांची, म्हणजे चढ साडेतीन फूट. एका फुटाच्या चढाला १२ फूट उतार, हे प्रमाण. तेव्हा इथे हवा ४२ फूट! दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदाही व्यवस्थापकांना ऐकवला. ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, चार माणसं देतो. उचलू की!"

उचलले. आईने पदर घट्ट धरून डोळे मिटले होते.

आत खुर्चीला जागा नव्हती. ती राहिली मधल्या वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात. मध्यंतरात चहा विचारला, तर नको म्हणाली. दुपारपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे मला तेव्हा उमगले. बायकांचे स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आहे, ही बातमी तिने शेजारणीकडून आधीच काढून ठेवली होती.

घंटा झाली. मी काही बोलणार, तोच म्हणाली, "सरक बाजूला, दिसत नाही." आणि मांडीवर ताल धरला.