गिरणीच्या दाराबाहेर

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची उभारणी हाती घेतली आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या शहरातल्या कामगारावर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं देशात क्वचितच कुठे लिहिलं गेलं असेल. १९२१पासून सरकारी 'लेबर गॅझेट' निघू लागलं, त्यानंतर कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारं व्हिटली कमिशन आलं. या दप्तरांत पगार, हजेरी, खोलीभाडं, कर्ज सगळं सापडतं. सापडत नाही तो माणूस. त्याला शोधायला अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, अगदी वास्तुशास्त्रसुद्धा एकमेकांच्या हद्दीत शिरले, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

जॉबरचंच घ्या. माणसं आणणारा, कामावर लावणारा, काढणारा, दस्तुरी खाणारा. जुन्या अहवालांचा सूर असा, की कोकणातला शेतकरी गिरणीत रमतच नव्हता, म्हणून त्याला धरून ठेवायला जॉबर लागला. १९६५ साली मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकी अर्थ-इतिहासकाराने हे मत खोडून काढलं. कामगारांचा तुटवडा नव्हताच. बेशिस्त म्हणून जी दिसते ती मालकांच्या गरजेतूनच आलेली, असं त्याचं म्हणणं. त्याची मांडणी चोख होती, पण तो बहुतेक वेळ गिरणीच्या आतच उभा राहिला. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४च्या ग्रंथात जॉबरचा पाठलाग थेट वाडीत, चाळीत, वाण्याच्या दुकानापर्यंत केला. मालाची मागणी चढउताराची, म्हणून मालकाला हवे तेव्हा हात हवेत आणि नको तेव्हा नकोत. ते हात जॉबर पुरवी. पण त्याचा दरारा उधारी, खोली आणि गाववाल्यांच्या भरवशावर उभा असे. गल्लीची मर्जी गेली की साच्यावरचा वचकही जाई. म्हणून संपात तो नेहमी मालकाच्याच बाजूने राहीलच, याचा नेम नव्हता. मला हा ग्रंथ अजूनही या विषयातला सर्वांत मोठा वाटतो.

जातीच्या बाबतीत मात्र या अभ्यासाने बराच काळ हात आखडता घेतला, असं माझं मत आहे. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा; पण कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. तो धोटा दुसऱ्याच्याही ओठाला लागणार, म्हणून दलितांना त्या खात्याचं दारच बंद. त्यांच्या वाट्याला कमी पगाराची कताई. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्राची बनावट, पगाराचा तक्ता आणि विटाळ या एका छिद्रात एकत्र आले होते. एकट्या अर्थशास्त्राला ते दिसणं अवघडच.

बायकांचं तसंच. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये. त्यांची संख्या घटली ती रात्रपाळीची बंदी आणि १९२९च्या प्रसूती-लाभ कायद्यामुळे, असं सोयीचं उत्तर दिलं जाई. राधा कुमार यांनी यंत्रांची फेररचना आणि 'घर चालवणारा पुरुषच' ही समजूत, दोन्ही तपासायला घेतल्या. नीरा आडारकर या वास्तुविशारद आणि मीना मेनन या कार्यकर्त्या. त्यांच्या २००४च्या मौखिक इतिहासात तर गिरणगाव स्वतःच बोलतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या अडीच लाख कामगारांच्या संपावर हब व्हान वेर्श यांचं पुस्तक आहे. पण संपानंतर घरं कशी चालली हे कळायला या आवाजांकडेच यावं लागतं.

हल्ली संशोधक ॲपवर काम मिळवणाऱ्या तरुणांवर लिहितात आणि त्यांचा रोजगार 'नवा' म्हणतात. त्यांनी १९३५ची बदली-नियंत्रण पद्धत जरूर वाचावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना कार्ड मिळे. ते घेऊन रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. ही पद्धत मालकांच्या संघटनेने आणली ती जॉबरचा भ्रष्टाचार मोडायचा म्हणून.