मुंबई ते न्यूयॉर्क : सरळ वाट कोणती?

सोलापुरातील एखाद्या वर्गात विचारून पाहा, “अमेरिका कोणत्या दिशेला आहे?” बहुतेक हात पश्चिमेकडे जातील. भिंतीवरचा नकाशा तेच सांगतो. पण मुलाकडे न्यूयॉर्कला जाऊन आलेले आजी-आजोबा सांगतात, की विमानातल्या पडद्यावर कधी नॉर्वे दिसत होते, कधी ग्रीनलँडचे टोक. मग वैमानिक वाकडी वाट करून उत्तरेला कशासाठी जातो?

आधी जवळचे उदाहरण घेऊ. सोलापूर-मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३६० किमी आहे. एवढ्याशा अंतरात पृथ्वीचा गोलपणा जाणवत नाही. नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ आणि खरी सरळ वाट जवळजवळ एकच असते. अंतर हजारो किलोमीटर झाले, की मात्र दोन्ही वेगळ्या होतात.

हे पडताळण्यासाठी ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल आणि दोरा पुरे. गोलाचा परिघ सुमारे ९४ सेंमी, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किमी. म्हणजे १ सेंमी म्हणजे जवळपास ४२५ किमी. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा जाऊन ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून उतरेल. लांबी भरेल सुमारे साडेएकोणतीस सेंमी, म्हणजे अंदाजे १२,५०० किमी. ही वाट बृहत्‌वृत्ताचा तुकडा असते. गोलावरील दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर तेच.

मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया ओलांडून अटलांटिकवर जाते. ती वाट सुमारे १४,२०० किमी भरते! कारण त्या नकाशात सर्व अक्षवृत्ते सारख्याच लांबीची दिसतात. प्रत्यक्षात विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किमीचा, तर ६० अंश उत्तरेला त्याच्या निम्मा. उत्तरेकडून गेल्याने १,७०० किमी, म्हणजे जवळजवळ दोन तास वाचतात.

आता वेळ पाहू. विमान ताशी ९०० किमी वेगाने उडाले, तर सुमारे १४ तास लागतील. पण या पट्ट्यात उंचावर जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा, त्यांनी जाताना सरासरी ताशी ५० किमी अडवले आणि येताना तेवढेच ढकलले. तर जायला पावणेपंधरा तास, यायला सव्वातेरा. शिवाय हवाई हद्दी बंद असल्या, तर दोरा वळवावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या काही प्रवासांचा वेळ वाढला.

तिकिटावरच्या वेळा मात्र फसवतात. समजा, हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला सकाळी ६ वाजता उतरले. हा प्रवास पाच तासांचा नव्हे. तिथले घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असते (उन्हाळ्यात साडेनऊ), म्हणून प्रवास झाला साडेपंधरा तासांचा.

आता वर्गाला तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोरा सोलापूरवरून ताणला, तर तो उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २५ अंश झुकतो. न्यूयॉर्ककडे बोट दाखवायचे, तर ते जवळपास उत्तरेकडेच हवे. भिंतीवरचा नकाशा काढून टाकायचे कारण नाही. त्याच्या शेजारी पृथ्वीगोल मात्र असावा.