पनवेलच्या गॅलरीत पांढऱ्या घंटा

ऑक्टोबरमधला शनिवार. आर्टिकल मेल करून झालेलं, हातात कॉफीचा मग, आणि मी ऑनलाइन काय शोधत होते? कुर्ती नाही, सँडल्स नाही... चक्क बिया! त्याही पांढऱ्या फॉक्सग्लव्हच्या.

फॉक्सग्लव्ह तुम्ही पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. इंग्लंडमधल्या कॉटेजच्या कॅलेंडरवर दारापाशी उंच दांडा उभा असतो ना, एकाखाली एक घंटा लटकवल्यासारखी फुलं असलेला? तेच ते. मूळ रंग जांभळट गुलाबी, पण एक पांढरीशुभ्र जातही असते. आणि आमच्या आईला फुलं म्हटलं की पांढरीच लागतात. मोगरा, अनंत, सोनटक्का. रंगीत काही आणलं की म्हणते, ‘छान आहे गं, पण तुझ्या खोलीत ठेव.’

गोळीतलं फूल

खरं तर हे खूळ डोक्यात शिरलं हॉस्पिटलमध्ये. आईच्या हृदयाचे ठोके अचानक वेडेवाकडे पडायला लागले आणि चार दिवस आम्ही तिथेच मुक्कामाला होतो. डिस्चार्जच्या कागदावर एका गोळीचं नाव होतं, डिगॉक्सिन. मास कॉमची डिग्री असली की प्रत्येक नाव सर्च करायची खोड लागते. केलं. आणि बघते तर काय, ही गोळी एका फुलझाडातून आलेली!

विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने एका गावठी काढ्यावरून फॉक्सग्लव्हचा माग काढला आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९३० मध्ये याच कुळातल्या लोकरी फॉक्सग्लव्हच्या पानांतून डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं. म्हटलं, जे झाड आईचं हृदय सांभाळतंय, ते तिच्या गॅलरीत फुललंच पाहिजे. फेब्रुवारीत तिचा वाढदिवस. सरप्राइज!

पहिला बार फुसका

पाकीट आलं. बिया कसल्या, मिरपूड! चिमटीत धराव्यात तर शोधाव्या लागतील इतक्या बारीक. मी आपली कोथिंबीर पेरतात तशा पेरल्या, वरून छान माती पसरली. तीन आठवडे रोज पाणी. उगवलं काय? शून्य.

मग वाचलं की या बियांना रुजायला उजेड लागतो. माती पसरायचीच नाही! भुसभुशीत मातीवर बिया नुसत्या भुरभुरायच्या, हलकेच दाबायच्या आणि स्प्रेने ओलावा ठेवायचा. दुसऱ्या वेळी पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसले. मी एवढी खूश झाले की ऑफिसवाल्या मैत्रिणींना फोटो पाठवले. त्यांना फोटोत फक्त माती दिसली!

जानेवारीपर्यंत नऊ रोपं तरली. त्यातल्या तिघांच्या पानांच्या देठावर जांभळट झाक होती. म्हणजे ती पांढरी फुलणार नव्हती. पांढऱ्या जातीचे देठ हिरवेच असतात. जवळपास जांभळं झाड असलं की मधमाश्या परागकणांची अदलाबदल करतात आणि पुढच्या पिढीचा रंग बदलतो. राहिली सहा.

आणि मग कळलं...

ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नव्हती. साधं फॉक्सग्लव्ह दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी फक्त पानांचा झुपका. मध्ये काही आठवडे कडक थंडी खायची, मग दुसऱ्या वर्षी फुलं. पनवेलमध्ये कडक थंडी? आपल्याकडे चार दिवस स्वेटर बाहेर निघतो आणि पाचव्या दिवशी पंखा सुरू!

‘फ्रिजमध्ये ठेवू का एक कुंडी?’ मी विचारलं. सरप्राइज तर केव्हाच फुटलं होतं. आई म्हणाली, ‘झाड विषारी आहे असं तूच सांगितलंस ना? माझ्या कोथिंबिरीशेजारी ठेवणार?’ बरोबर होतं तिचं. फॉक्सग्लव्हचं पान, फूल, बी, सगळंच विषारी. औषध आणि विष यात अंतर फक्त मात्रेचं, आणि ती मोजायचं काम डॉक्टरांचं.

पण मला टोचली ती ‘दोन वर्षं’. हॉस्पिटलमधून आल्यापासून मी दोन वर्षांचं काही ठरवतच नव्हते. पुढच्या महिन्याचा ईसीजी, त्याच्या पुढची तारीख, बस. लोक दोन वर्षांनी फुलणारं बी पेरतात कसं? आपण सगळे असणारच, हे इतकं गृहीत धरून?

एप्रिलच्या उकाड्यात सहाही रोपं बसली. रिकाम्या कुंड्या मी कोपऱ्यात ढकलल्या.

आईचा प्लॅन बी

ऑगस्टमधल्या एका सकाळी आईने हाक मारली, ‘बाहेर ये, तुझी फुलं आली.’ धावले. त्याच कुंड्यांत कमरेएवढे दांडे, पानांच्या बेचक्यांत पांढऱ्या घंटा, आत फिकट जांभळी झाक. आणि एका घंटेत पार आत घुसलेली मधमाशी! मला दोन मिनिटं खरंच वाटलं, फॉक्सग्लव्ह परत आलं.

‘तीळ आहेत,’ आई म्हणाली. ‘संक्रांतीचे उरले होते ते जूनअखेर टाकले. तू कुंड्यांकडे बघतच नव्हतीस.’

तीळ! वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात फॉक्सग्लव्ह आणि तीळ लांबचे नातेवाईक, एकाच गणातले. फरक एवढाच, की तीळ इथलाच. हडप्पाच्या उत्खननातही जळालेले तीळ सापडलेत. फूल सकाळी उमलतं, दिवस मावळेपर्यंत गळतं, पण दुसऱ्या दिवशी वरच्या बेचक्यात नवं हजर.

ऑक्टोबरमध्ये बोंडं वाळली, तडकली, वाटीभर तीळ निघाले. आईने अर्धे डब्यात भरले, अर्धे कागदाच्या पुडीत बांधले.

‘हे कशाला?’

‘पुढच्या पावसाला लावायला,’ ती म्हणाली आणि गोळी घ्यायला आत गेली.

पुडीवर वर्ष मीच लिहिलं.

तुम्हालाही लावायचेत?

• तीळ बिनपॉलिशचे घ्या. सालं काढलेले पांढरे तीळ उगवत नाहीत.
• पाऊस स्थिरावला की बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल पेरा. सुमारे सहा आठवड्यांत फुलं येतात.
• कुंडीत पाणी साचू देऊ नका. धोधो पावसात कुंडी आडोशाला हवी.
• फॉक्सग्लव्हच हवं असेल तर पहिल्याच वर्षी फुलणारी जात शोधा आणि थंडी सुरू होताना पेरा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र नकोच.
• परदेशातल्या मावशीला पाकिटातून बिया पाठवायला सांगू नका. बिया आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे कागदपत्रं लागतात.