डेटा राहतो कुठे?

क्लाउड म्हटला तरी आपला डेटा शेवटी कुठल्यातरी इमारतीतल्या डिस्कवरच असतो. ॲमेझॉनच्या एस-३ सेवेत साठवणीचं बकेट उघडतानाच मुंबई, हैदराबाद की परदेश, हे ठरवावं लागतं. नंतर तो प्रदेश बदलत नाही. नवं बकेट करून सगळं हलवावं लागतं. पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बजावलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र सरकार मनाई करेल ते देश वगळून डेटा बाहेर नेऊ देतो. त्यामुळे बॅकअपचा प्रदेशही तपासाच. शिवाय सर्व्हर मुंबईत असला, तरी कंपनी अमेरिकी असेल तर तिथल्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या तपासयंत्रणा वॉरंट काढून डेटा मागू शकतात. म्हणून रुग्णांच्या नोंदींसारखा नाजूक डेटा आधी एन्क्रिप्ट करून किल्ली स्वतःकडेच ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.