काळ्या डगल्याची किंमत

पदवी पदरात पडली की दुसरे काही हाती लागेपर्यंत लॉ कॉलेजात नाव घालून ठेवावे, सकाळी वर्ग करावेत आणि दिवसा नोकरी, असा रिवाज महाराष्ट्रातील मध्यमवर्गात दीर्घकाळ होता. त्यात कॉलेजच्या निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मुंबईकराने १८५५ साली स्थापन झालेल्या सरकारी विधि महाविद्यालयात जावे, पुणेकराने १९२४ सालच्या आय.एल.एस.मध्ये, इतके ते सरळ होते.

ही सरळ वाट बदलली ती १९८८ साली बंगळुरूला राष्ट्रीय विधि विद्यालयाचे वर्ग प्रा. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाल्यापासून. बारावीनंतर पाच वर्षांचा, पूर्णवेळ, निवासी अभ्यासक्रम ही कल्पना लवकरच देशभर रुजली. महाराष्ट्राला मात्र अशा विद्यापीठासाठी २०१४ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी मुंबईत आणि पुढे नागपूर व औरंगाबाद येथे ती निघाली. त्यांच्या प्रवेशासाठीची 'क्लॅट' ही परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागते. खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला नुसत्या अर्जाचेच चार हजार रुपये मोजावे लागतात.

परिचयातील एक निवृत्त शिक्षक मुलीच्या अशाच प्रवेशासाठी राहते घर तारण ठेवण्याच्या विचारात आहेत. पाच वर्षांचे शुल्क व वसतिगृह यांचा हिशेब पंधरा लाखांच्या पुढे जातो. उलट, सरकारी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क काही हजारांतच भागते. 'नाव मोठे आहे, पैसा वसूल होईल,' असे त्यांचे म्हणणे. ते सर्वस्वी चुकीचे नाही. मोठ्या विधि-कंपन्या नव्या उमेदवारांची भरती बव्हंशी मोजक्या, जुन्या राष्ट्रीय विद्यापीठांतूनच करतात. तथापि 'राष्ट्रीय' या एका शब्दाखाली आज दोन डझनांहून अधिक संस्था उभ्या आहेत आणि पहिल्या चार-पाचांची पुण्याई उरलेल्यांच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही.

याउलट न्या. बोबडे नागपूरचे, न्या. लळित मुंबईच्या सरकारी महाविद्यालयाचे, न्या. गवई अमरावतीचे आणि तिघेही सरन्यायाधीश झाले, असा दाखला नेहमी दिला जातो. दाखला खरा, पण फसवा. त्यांच्या शिक्षणकाळी राष्ट्रीय विद्यालये अस्तित्वातच नव्हती! मुंबईच्या महाविद्यालयाचे खरे बळ निराळेच आहे. ते चर्चगेटला आहे. उच्च न्यायालय आणि फोर्टातील वकिलांच्या कचेऱ्या तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिकता शिकताच तेथील विद्यार्थी अशा कचेरीत काम करू शकतो. गावाबाहेरच्या निवासी संकुलातील विद्यार्थ्याला ही सोय केवळ सुटीत लाभते.

मुळात त्या मुलीला करावयाचे आहे काय? तिला जिल्हा न्यायालयात वकिली करावयाची आहे. निदान तिचे बोलणे तरी तसे आहे. तेथील कामकाज मराठीत चालते, पक्षकार सातबारा आणि फेरफाराचे उतारे घेऊन येतो आणि विद्यापीठाच्या नावाची चौकशी कोणी करीत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस होती, सक्ती नव्हती. न्यायाधीशपदाची परीक्षा हा पदवीनंतर लगेच घेता येण्याजोगा मार्ग अनेकांना वाटे. परंतु २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे पदवीनंतरची पहिली तीन वर्षे अपुऱ्या मिळकतीचीच धरावयाची. नेमका त्याच काळात कर्जाचा हप्ता दारात उभा राहणार. तो फेडण्यासाठी मुलगी कंपनीची नोकरी पत्करील आणि जिल्हा न्यायालय मागे पडेल. मुलगी वकील कोणत्या प्रकारची होणार, हे अशा वेळी तिची आवड नव्हे, तर बँकेचा हप्ताच ठरवितो.

त्या गृहस्थांना एवढेच सुचविले की, माहितीपुस्तिकेतील सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा सोडून द्यावा. गेल्या वर्षी पदवी घेतलेल्यांपैकी मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले आणि किती जणांना काहीच मिळाले नाही, हे संस्थेला लेखी विचारावे. त्यांनी पत्र पाठविले आहे. उत्तर येईपर्यंत घराचे कागद कपाटातून काढावयाचे नाहीत, असे ठरले आहे.