लेकीला कयाकवर पाठवू का?

मागच्या आठवड्यात एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं, "माझ्या लेकीला मैत्रिणींबरोबर मालवणला जायचंय. दिवसभर समुद्रात कयाक वल्हवायची म्हणते. तिला ना नदीची सवय, ना समुद्राची. पाठवू का?" नुसतं हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा हा प्रकार काय आहे ते आज समजून घेऊ.

कयाक म्हणजे लांबट, अरुंद, हलकी होडी. एक किंवा दोन माणसं बसतात. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. ही होडी मूळची ग्रीनलँड, अलास्काकडच्या बर्फाळ मुलखातली. पुरुष तीत बसून शिकारीला जात, पण तिच्या सांगाड्यावर सीलचं कातडं शिवून चढवायच्या त्या बायका. टाका असा, की सुई कातड्याच्या आरपार जायची नाही, म्हणून पाणी आत यायचं नाही. नवऱ्याचा, लेकाचा जीव त्या शिवणीवर असायचा.

आता दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी लवकर किनाऱ्यावर जमायचं. मार्गदर्शक आधी वाळूवरच वल्हं कसं धरायचं ते शिकवतो. नुसत्या हातांनी ओढलं तर तासाभरात खांदे भरून येतात, कंबरेतून वळून ओढलं तर दिवसभर निभतं. मग उथळ पाण्यात सराव, आणि मुद्दाम होडी उलटवून पुन्हा चढायला शिकवणं. हा सराव न करता कुणी थेट खोल पाण्यात नेत असेल, तर तिथूनच परत फिरावं.

सगळा बेत ठरतो भरती-ओहोटीवर. तुमच्या घरच्या कॅलेंडरवरून तुम्हालाही अंदाज काढता येईल. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला भरती, पुढे साधारण सव्वासहा तासांनी, पावणेदोनच्या आसपास पूर्ण ओहोटी. अशा दिवशी सकाळी ओहोटीच्या ओढीबरोबर निघायचं, दुपारी बेटावर डबा खायचा आणि पाणी चढू लागलं की त्याच्याबरोबर परतायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. नवशिक्यांना भांगाचे दिवस बरे. हा आपला अंदाज झाला. मार्गदर्शकाकडे त्या बंदराचं छापील वेळापत्रक हवंच.

दुसरा मालक वारा. सकाळी जमिनीवरून मंद मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा वाढतात. म्हणून उघड्या पाण्यातला लांबचा पल्ला सकाळीच उरकायचा आणि दुपारी बेटाच्या आडोशाने यायचं. पावसाळ्यात तर हा विषयच नको.

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. भोवती खडक इतके, की वाट माहीत नसलेल्याची होडी फुटावी. महाराजांनी जागा निवडली ती यासाठीच. तेच खडक आजही आहेत, म्हणून स्थानिक वाटाड्या लागतो. 1987 पासून तिथला काही भाग सागरी अभयारण्य आहे. पाण्यातल्या प्रवाळावर पाय द्यायचा नाही, बेटावर कचरा टाकायचा नाही.

तर ताई, लेकीला पाठवण्याआधी एवढं विचारा. परवानगी आणि विमा आहे का? प्रत्येकीला मापाचं लाईफ जॅकेट मिळेल का? पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मार्गदर्शक किती जणींमागे एक? सोबत मोटारबोट आहे का? हवा बिघडली तर पैसे परत मिळतील का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पैसे बुडतील म्हणून माणसं खराब हवेतही निघतात.

लेकीलाही सांगा: जॅकेट जेवतानाच काढायचं. ओढणी, साडी नको, अंगाबरोबरचे कपडे आणि टोपी हवी. पाणी तीन लिटर तरी न्यायचं. होडी उलटली तर पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, होडीलाच धरून राहायचं, ती तरंगते आणि लांबून दिसते. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आणि नेहमीचा 112 पाठ हवा. आणि मार्गदर्शक "आज नको" म्हणाला, तर हट्ट करायचा नाही.

शेवटचं एक. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. ती खाडी आहे, उघडा समुद्र नाही, पण पाण्याची भाषा तीच. त्याही तुमच्या-आमच्यासारख्या घर सांभाळणाऱ्याच.

तेव्हा ताई, लेकीला अडवण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून हे प्रश्न विचारा. उत्तरं नीट मिळाली तर पाठवा. एका प्रश्नालाही टाळाटाळ झाली, तर या वेळी नको म्हणा. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असेल.