वैशाखात तगेल तेच आपलं

रोप घ्यायला गेलेला माणूस फूल बघतो. मी रोपवाल्याला आधी विचारते, "हे वैशाखात कसं राहतं?" शनिशिंगणापूरच्या शिवारात आमची वस्ती आहे. हा सगळा नेवासा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, विहीर तळाला जाते. त्या दिवसांत पाणी आधी माणसांना, मग गुरांना, मग पिकाला. फुलझाडाची पाळी सगळ्यांत शेवटी. श्रावणात हौसेनं आणलेलं रोप या दोन महिन्यांत टिकलं, तरच ते आपल्या अंगणाचं झालं असं मी मानते.

माझ्या नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिनं तिच्या परसातल्या फ्युशियाचे फोटो पाठवले आणि विचारलं, "मामी, हे झाड फार चिवट आहे म्हणतात. तुमच्याकडे लावायचं का?" फूल खरोखर देखणं आहे. वर लाल पाकळ्या, आत जांभळा घेर, आणि सगळं फूल खाली लोंबलेलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्लूमिए या फ्रेंच धर्मगुरूला हे झाड वेस्ट इंडीजमध्ये सापडलं. त्यानं लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिज्ञाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. त्यातली सर्वांत काटक जात दक्षिण चिली आणि अर्जेंटिनाच्या थंड, ओल्या प्रदेशातली. कडाक्याच्या थंडीत तिच्या वरच्या फांद्या जळतात, पण वसंतात बुडातून नवे फुटवे येतात. म्हणून तिकडे हे रोप जरा खोल लावतात आणि वाळलेल्या फांद्या हिवाळाभर तशाच ठेवतात.

पण हा चिवटपणा थंडीपुरता आहे. फ्युशियाला गारवा लागतो, मुळाशी सतत ओल लागते, दुपारचं ऊन तिला मानवत नाही. भारतात ती उटी, दार्जिलिंगसारख्या थंड हवेच्या गावी रमते. आमच्या अंगणात ती पहिला उन्हाळाही काढणार नाही. मी भाचीला तसं सांगितलं आणि आमची चिवट झाडं कोणती, ते लिहून पाठवलं. तेच इथं सविस्तर मांडते.

आमच्याकडे झाड तीन गोष्टींत पारखावं लागतं. पहिली गोष्ट ऊन. दुसरी माती. आमची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झालेली. पावसात ती फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. त्यात चुनखडी आणि बोअरचं क्षाराचं पाणी. अशा जमिनीत झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला रोग समजून औषधं मारत बसतात.

तिसरी गोष्ट शेळी. आमच्या गावात घरांना दारं न लावण्याची प्रथा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून फार तर चौकटीला फळी टेकवतात. आमच्या अंगणालाही फाटक नाही. येणारी-जाणारी शेळी जे झाड आवडीनं ओरबाडते, ते इथं वाढवायचं तर राखण करावी लागते.

या तिन्ही कसोट्यांना पहिली उतरते कण्हेर. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला बारीक केसाळ खळगे असतात आणि पानाची श्वासरंध्रं त्या खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे गरम वाऱ्यातही पानातलं पाणी कमी उडतं. मुळात हे कोरड्या ओढ्यानाल्यांच्या काठचं झाड. महामार्गांच्या दुभाजकांवर ते लावतात ते उगाच नाही. गुलाबी, पांढरी, लाल, हवी ती घ्या. एकेरी पाकळीची जास्त काटक. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कण्हेरीचं पान, फूल, चीक, मूळ, सगळं विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, फळंही तशीच. घरात रांगतं मूल असेल तर ही झाडं अंगणात नकोत, बांधावर लावा. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नका आणि चुलीतही घालू नका, त्यांचा धूरसुद्धा बाधतो.

दुसरी बोगनवेल. तिचे रंगीत कागदासारखे भाग ही फुलं नव्हेत, ती पानंच आहेत. खरं फूल आतलं बारीक, पांढरट. पाण्याचा ताण बसला की ती बहरते. रोज पाणी घातलं तर नुसती फांद्या टाकत जाते. बहर संपला की छाटा, कारण नव्या फांदीवरच पुढचा बहर येतो. 

कोरांटी तर इथलीच. अंगभर काटे, पिवळी फुलं, आणि बहर थंडीत, बाकीचं अंगण सुनं असताना. गुलबक्षीचं वागणं मात्र थेट फ्युशियासारखं. उन्हाळ्यात ती वरून वाळते, पण जमिनीत तिचा कंद जिवंत असतो. मृगाचा पाऊस पडला की पुन्हा फुटते. वाळली म्हणून उपटून टाकू नका.

जास्वंदीशिवाय पूजा होत नाही, म्हणून ती हवीच. पण साधी, एकेरी, लाल गावठी जास्वंद घ्या. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना आमचं पाणी सोसत नाही. पिठ्या ढेकूण पडला तर ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. शेळीपासून मात्र तिला जपावं लागतं. लोंबणाऱ्या फुलाची हौस असेल तर कातरलेल्या पाकळ्यांची आफ्रिकी जास्वंद भिंतीच्या पूर्वेला, सकाळचंच ऊन मिळेल अशी लावा.

आता रुई. शनिवारी शनिदेवाला रुईच्या पानांची माळ घालतात. आमचा देव चौथऱ्यावर उघड्या आभाळाखाली उभा, डोक्यावर छप्पर नाही. आणि त्याला वाहायचं झाडही तसंच, कुणी पाणी न घालता माळरानावर वाढणारं. खोल जाणारं मूळ आणि मेणचट जाड पान ही तिची शिदोरी. भगव्या पंखांना काळी-पांढरी कड असलेलं एक फुलपाखरू तिच्या पानावर अंडी घालतं. त्याची पट्टेदार अळी रुईचा विषारी चीक पचवते आणि पक्षी तिला तोंड लावत नाहीत. मोठे काळे भुंगे दिवसभर फुलांवर असतात. बांधाच्या कडेला एक तरी रुई राहू द्या. पानं तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते. शनीसाठी शमी लावायची असेल तर तीही जमिनीतच लावा, कुंडीत नको. शमी म्हणजे आपली सौंदड, राजस्थानात खेजडी. तिचं मूळ फार खोल जातं.

लावायची रीत साधी आहे. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी घ्या. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी लावा. काळ्या मातीत नुसता खड्डा केला तर पावसाचं पाणी त्यात साठतं आणि मूळ कुजतं. म्हणून शेणखत आणि थोडा मुरूम मिसळून वीतभर उंच वरंबा करा आणि त्यावर रोप लावा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत बुडाशी उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. तो आमच्या ऊसपट्ट्यात फुकट मिळतो. शेजारी सच्छिद्र मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की ओल हळूहळू मुळाशी पाझरते. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोल पाणी द्या, म्हणजे मूळ खाली जातं. पान पिवळं पडलं तर आधी मातीची तपासणी करून घ्या. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ अनेक दशकं याच मातीवर काम करतं आहे, तिथला सल्ला घ्या.

माझं वाचकांना एवढंच सांगणं आहे. रोपवाटिकेत पाय ठेवण्याआधी मे महिन्यात आपल्याच गल्लीतून एक फेरी मारा. कुणाच्या दारात काय हिरवं आहे, कशाला फूल आहे, ते पाहून ठेवा. मृग लागला की त्या घरी जाऊन फांदी मागा. झाडाची फांदी मागितली तर आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पैसे वाचतात, आणि लावलेलं झाड पुढच्या वैशाखातही उभं राहतं.